लहान व्यवसाय आणि स्वतःसाठीची वही

(सुरत येथे मराठी भाषक लघुव्यावसायिकांच्या सभेत विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरत म्हटले की मराठी मनापुढे प्रथम 1664 आणि 1670 ही दोन साले उभी राहतात. सुरतेची लूट आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. परंतु ज्या नगरीत लुटण्याजोगे एवढे काही साठले होते, ती नगरी आपला हिशेब कसा ठेवीत होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी सांगितले नाही. सुरतेची लूट आपण शिकलो, सुरतेचा चोपडा शिकलो नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या चोपड्याविषयी, आणि त्याहीपेक्षा त्यात जे लिहिले जात नाही त्याविषयी.

या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांची मूळ गावे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील आहेत. आपले वाडवडील तापीच्या खोऱ्यातून आणि त्याच खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने या शहरात आले. प्रथम गिरणीत, मागावर, घंटीवर दुसऱ्याच्या हाताखाली राबले. त्यांची मुले आज लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्वतःच्या नावाने व्यवसाय करीत आहेत. कोणाची दोन-चार भरतकामाची यंत्रे आहेत, कोणी भाड्याच्या गाळ्यात साड्यांना लेस लावून देतो, कोणी मागांची दुरुस्ती करतो. येथे काही भगिनीही दिसत आहेत, ज्या साड्या घरी आणून खडे चिकटविण्याचे व धागे कापण्याचे काम वस्तीतील इतर स्त्रियांना वाटून देतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. आपल्यावर देखरेख करणारा कोणी नाही.

हे स्वातंत्र्य मोठ्या कष्टाने मिळालेले आहे, हे मी जाणते. पण त्याची एक बाजू सहसा बोलली जात नाही. नोकरी करणाऱ्यास वर्षातून एकदा तरी कोणी विचारते की, तू काय केलेस? आम्हा शासकीय सेवकांना गोपनीय अहवाल असतो आणि त्यात स्वतःच्या कामाविषयी स्वतःच लिहावयाचे असते. त्या लेखनात वास्तवापेक्षा वाङ्मय अधिक असते, ही गोष्ट निराळी! तरीही निदान प्रश्न विचारला जातो. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यास असा प्रश्न विचारणारे कोणी नसते. गिऱ्हाईक विचारीत नाही, त्याला माल हवा असतो. कारागीर विचारीत नाही, त्याला शनिवारी मजुरी हवी असते. जुन्या पेढीवर शेठजींपुढे बसून आकडे वाचून दाखविणारा एक मेहताजी तरी असे. आपण मात्र शेठही आपणच, मेहताजीही आपणच आणि गाठोडे उचलणारा हमालही आपणच.

सुरतेच्या परंपरेत या अडचणीवर एक उत्तम उपाय होता. दिवाळीस चोपडापूजन होते, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस नवे विक्रम संवत लागते आणि लाभपंचमीपर्यंत बाजार मिटलेला असतो. हे सर्व आपण येथे दर वर्षी पाहतो. पूर्वी या पूजेपूर्वी वर्षाची खाती खरोखरच मिटविली जात. येणे किती, देणे किती, शिल्लक माल किती, हे कळल्यावाचून नवी वही पुजता येत नसे. म्हणजे लक्ष्मीपुढे बसण्यापूर्वी व्यापाऱ्याला स्वतःपुढे बसावे लागे. आयकराच्या दृष्टीनेही दिवाळी ते दिवाळी हे वर्ष धरण्याची मुभा होती. कर-आकारणी वर्ष 1989-90 पासून सर्वांना 31 मार्च हीच वर्षअखेर बंधनकारक झाली. शासनाच्या सोयीचा तो निर्णय होता आणि त्यात गैर काही नव्हते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, पूजा दिवाळीत राहिली आणि हिशेब मार्चमध्ये गेला. आता एक वही देवीसाठी असते, तिच्यात ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहून पाने कोरी राहतात. दुसरी वही सरकारसाठी असते; ती लेखापाल भरतो आणि आपण सही करतो. धनी स्वतः ज्यात डोकावून पाहील अशी तिसरी वही कोणाजवळ नाही. माझे आजचे सर्व म्हणणे या तिसऱ्या वहीबद्दल आहे.

अशी वही ठेवणारा एक माणूस याच शहरात होऊन गेला. तो व्यापारी नव्हता, तरी एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांच्या पंक्तीत मी त्याला बसविते. कवी नर्मद यांचा जन्म 1833 मध्ये सुरतेत झाला. 1858 साली त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे केवळ लेखणीवर जगावयाचे, असे ठरविले. त्या काळी हा धंदा म्हणून कोणी मान्य केला नसता. 1864 मध्ये त्यांनी ‘दांडियो’ नावाचे नियतकालिक सुरू केले. शब्दकोशाचे प्रचंड काम अंगावर घेतले आणि ते 1873 मध्ये पुरे केले. या सर्व उलाढालीत पैशाची ओढाताण पाठीस लागलेलीच होती. 1866 मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्यांनी ‘मारी हकीकत’ लिहिली. गुजरातीतील आत्मचरित्राचा तो आरंभ मानला जातो. हे लेखन आपण कीर्तीसाठी अथवा द्रव्यासाठी करीत नसून स्वतःसाठीच करीत आहोत, झाल्या गोष्टींतून पुढच्या काळासाठी उत्तेजन मिळावे एवढाच हेतू आहे, असा त्यांचा खुलासा आहे. त्यांनी मोजक्याच प्रती छापल्या. सर्वांसाठी पुस्तक निघाले ते जन्मशताब्दीस, 1933 मध्ये.

पुढे 1882 मध्ये नर्मदांना पुन्हा नोकरी पत्करावी लागली. तेव्हा कोणी म्हणेल की, आत्मपरीक्षणाने त्यांचा व्यवसाय तरला नाही. खरे आहे. वही लिहिल्याने उधारी वसूल होत नाही आणि मंदीही टळत नाही. पण आपण कोठे उभे आहोत हे माहीत असताना घेतलेला निर्णय आणि बुडताना हाती लागेल त्या फळीला मारलेली मिठी, यांत अंतर आहे. चोवीस वर्षे लेखणीवर काढलेल्या त्या माणसाच्या निर्णयाला मी पराभव म्हणणार नाही.

गुजरातच्याच दुसऱ्या एका थोर पुरुषाचे उदाहरण अधिक व्यावहारिक आहे. गांधीजी 1888 मध्ये विलायतेस शिकावयास गेले. तेथे ते पैन्‌पैचा जमाखर्च ठेवीत. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्र, सारे टिपून रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवीत. हे आत्मकथेत आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी वाचलेही असेल. माझे लक्ष त्याच्या पुढच्या भागाकडे आहे. त्या आकड्यांकडे पाहून त्यांनी राहणी बदलली. कुटुंबात राहणे सोडून खोली घेतली, तीही अशा ठिकाणी की कामाच्या जागी पायी जाता यावे. हिशेबातून निर्णय निघाला. आपल्याकडे हिशेब आणि निर्णय यांची गाठ पडत नाही. मोबाईलवर दिवसभराच्या सर्व जमा रकमा दिसतात, महिनाअखेरीस पत्रकही येते. ते पाहून आपण म्हणतो, ‘बरे चालले आहे’, आणि फोन खिशात ठेवतो.

‘बरे चालले आहे’ या तीन शब्दांत काय दडलेले असते, ते एका कल्पित उदाहरणाने दाखविते. समजा, एक गृहस्थ लेस लावून देण्याचे काम करतात. महिन्याची जमा 90 हजार रुपये. दोरा, गाळ्याचे भाडे, वीज, वाहतूक मिळून 38 हजार गेले. दोन कारागिरांची मजुरी 26 हजार. उरले 26 हजार. गृहस्थ म्हणतात, नफा 26 हजार. आता ते स्वतः रोज बारा तास यंत्रावर बसतात. हेच काम दुसऱ्याच्या गाळ्यात केले असते, तर समजा 20 हजार मिळाले असते. त्यांची पत्नी रोज चार तास घड्या घालते व माल मोजून देते. त्या कामाला माणूस ठेवला असता, तर 6 हजार द्यावे लागले असते. झाले 26 हजार. म्हणजे नफा शून्य. तो पैसा दोघांची मजुरी होती. शिवाय यंत्रे 3 लाखांची आहेत आणि ती दहा वर्षे चालतील असे धरले, तर महिन्याला अडीच हजार रुपये त्यांच्या झिजेचे बाजूला काढावयास हवेत. ते कोणी काढलेले नाहीत. म्हणजे वरकरणी 26 हजार मिळविणारा हा व्यवसाय प्रत्यक्षात दरमहा अडीच हजारांनी मागे सरकत आहे. दहाव्या वर्षी यंत्र बंद पडेल त्या दिवशी हे त्यांना कळेल आणि ते म्हणतील, नशीब फिरले.

हे उदाहरण सांगितले की दोन प्रकारची उत्तरे येतात. एक असे की, ‘घरचे काम मोजावयाचे नसते.’ या उत्तराची मला धास्ती वाटते, कारण ते बहुधा पत्नीच्या कामाविषयी दिलेले असते. जे मोजले जात नाही त्याची भाववाढ कोणी मागत नाही, आणि मग मजुरीचा दर ठरविताना आपण तो कमी लावतो. व्यापाऱ्यास स्वस्तात माल मिळतो, तो आपल्या घरातील बाईच्या फुकट कष्टांवर. दुसरे उत्तर असे की, ‘मोजून तरी काय करणार, दर व्यापारीच ठरवितो.’ हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण कोणत्या दराखाली काम घ्यावयाचे नाही, हे तरी आपल्याला ठाऊक असावे की नाही? तो आकडा माहीत नसलेला मनुष्य प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणतो.

आता उधारीकडे वळू. सुरतेच्या कापडबाजारात ‘उठमणा’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. काल दुकान होते, आज कुलूप आहे, आणि पन्नास जणांचे पैसे अडकलेले. ज्यांचे अडकतात त्यांना आधी काहीच दिसले नव्हते, असे सहसा नसते. पैसे तीस दिवसांऐवजी चाळीस दिवसांनी येऊ लागले होते, मग साठ. मग रक्कम तुकड्यांनी येऊ लागली होती. प्रत्येक वेळी मनात पाल चुकचुकली, पण ती वहीत उतरली नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक येण्यापुढे ते किती दिवसांचे झाले, हा एकच आकडा लिहा. मागील महिन्याचा आकडा शेजारी ठेवा. ज्याची उधारी म्हातारी होत चालली आहे, तो कितीही गोड बोलत असला, तरी त्याचा नवा माल हाती घेण्यापूर्वी विचार करावा.

येथे कायद्याची थोडी माहिती देणे माझे कर्तव्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 अन्वये सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत आणि ही मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत 15 दिवसांची. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते, आणि तक्रार सुकरता परिषदेकडे नेता येते. शिवाय 2023 च्या वित्त अधिनियमाने अशी तरतूद झाली की, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदारास त्या वर्षीच्या खर्चात दाखविता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखविता येते. 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली, तेव्हा या शहराच्या बाजारात केवढी चर्चा झाली ते आपण पाहिले आहेच. मात्र हे संरक्षण उत्पादन करणाऱ्यास व सेवा देणाऱ्यास आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यास नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी लागते आणि तिला शुल्क नाही. पैसे घेऊन नोंदणी करून देणारे पुष्कळ भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जावे. कागद मात्र हवेत. कोणत्या दिवशी माल दिला, कोणी घेतला, चलनावर सही कोणाची, हे ज्याच्याजवळ नाही त्याला 45 दिवस कोठून मोजावयाचे हेच सांगता येत नाही.

पैशाखेरीज इतर गोष्टींवर मी अधिक वेळ घेणार नाही, पण त्या गौण आहेत असे समजू नये. एक कुशल कारागीर सोडून गेला. आपण म्हणतो, ‘त्याला शेजाऱ्याने पाचशे रुपये जास्त दिले.’ कदाचित तेवढेच असेल. कदाचित महिनाभरापूर्वी चारचौघांत आपण त्याला टाकून बोललो होतो, तेही असेल. वहीत ही ओळ लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळतो तेथेच थोडे थांबावे. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन हे मूळचे मुद्रक, स्वतःचा छापखाना चालविणारे. त्यांनी तेरा गुणांचा तक्ता करून रोज स्वतःची तपासणी केली. त्यांपैकी नीटनेटकेपणा आणि वेळेची शिस्त यांनी आपल्याला सर्वांत छळले, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. धन्याला लोकांच्या सोयीने वेळ द्यावा लागतो, हे त्यांचे कारण. अडीचशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आपल्यापैकी कोणाचीही असू शकेल.

हे परीक्षण केव्हा करावे? वाईट दिवस आले की मनुष्य आपोआप विचार करतो. पण तो विचार नसतो, ती काळजी असते. खरी कसोटी चांगल्या महिन्यात लागते. दिवाळीपूर्वी किंवा लग्नसराईत हात भरून काम येते, आणि आपल्याला वाटते की हे आपल्या हुशारीचे फळ. म्हणून चालू महिन्याची तुलना गेल्या महिन्याशी करू नये, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मराठी सण आणि येथील हंगाम तिथीप्रमाणे पुढेमागे होतात, तेवढी सवलत धरावी. आठवड्यास अर्धा तास, महिन्यास एखादा रविवारचा सकाळचा प्रहर, आणि वर्षाचा आढावा दिवाळी ते लाभपंचमी या मोकळ्या दिवसांत. गावी जाणाऱ्यांनी वही बरोबर न्यावी. रेल्वेत पाच-सहा तास मिळतातच.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकच निर्णय लिहावा. दहा संकल्प लिहिणाऱ्याचे नऊ कागदावर राहतात आणि दहावा आठवत नाही. पुढील बैठकीचा आरंभ मात्र मागील निर्णय मोठ्याने वाचून करावा. तो पाळला की नाही, आणि नाही तर का, एवढ्याने निम्मे काम होते.

तुकोबांची कथा आपल्याला ठाऊक आहे. घराण्यात महाजनकी होती, दुष्काळात व्यापार बसला, आणि त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली. या परंपरागत कथेतील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांची वाटणी केली, निम्मी भावाच्या स्वाधीन केली आणि केवळ आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. विरक्तीलाही आधी हिशेब करावा लागला! आपल्याला तर विरक्त व्हावयाचे नाही. आपला आणि दुसऱ्याचा पैसा, घरखर्च आणि धंद्याचा पैसा यांची वाटणी तरी आपण करावी. घर आणि गाळा यांची बँक खाती निराळी असली, की निम्मे प्रश्न विचारण्यापूर्वीच सुटतात.

एकट्याने हे जमत नाही, अशी अडचण काही जण सांगतील. ती रास्त आहे, कारण स्वतःशी खोटे बोलताना पकडणारा कोणी नसतो. आपल्या वस्त्यांतून भिशी चालते. दर महिन्यास मंडळी जमतात, पैसे गोळा होतात, चहा होतो. त्याच बैठकीत दोघा-दोघांनी अर्धा तास बाजूला बसावे. जोडीदार वेगळ्या धंद्यातील असावा, म्हणजे स्पर्धेची भीती राहत नाही. साडीवाल्याने रसवंतीवाल्याजवळ बसावे. आकडे दाखविण्याची सक्ती नाही. मागील महिन्याचा निर्णय काय होता आणि त्याचे काय झाले, एवढेच त्याने विचारावे. ज्या भगिनी घरून काम करतात त्यांना तर याची अधिक गरज आहे, कारण त्यांच्या कामाला घरातही कोणी व्यवसाय म्हणत नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागधारकांकडून जे प्रश्न आमच्या विभागाकडे येतात, तेच आज सकाळपासून येथे ऐकावयास मिळाले. सीमा ओलांडल्याने उधारीचा स्वभाव बदलत नाही. वही कोणत्या भाषेत लिहावी, असे मघाशी एका तरुणाने विचारले. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, अहिराणीत लिहिलीत तरी उत्तम. ती लेखापालाला दाखवावयाची नाही, मलाही नाही. गल्ल्यात ठेवू नये, घरी ठेवावी. नमुन्यादाखल एका पानाचा तक्ता आम्ही आणला आहे, तो दाराशी मिळेल. त्यात पहिली ओळ ‘माझी स्वतःची मजुरी’ अशी आहे. ती आज रात्रीच भरता येईल.